सांधेवाल्याची गोष्ट आणि जिलेबी

"हसा ना काका जरासं. गाडी येऊन राहिली, मयत नाही," मनोहरभाऊजी म्हणाले आणि उकंडाजींच्या कोटाचं वरचं बटण लावायला पुढे झाले.

उकंडाजींनी त्यांचा हात बाजूला सारला. "सांधेवाल्याले कोट नसते. कोट टेसन मास्तरले असते."

"गिऱ्हाइकाला काय ठाऊक?"

"मले ठाऊक आहे ना."

"वहिनी, तुम्हीच सांगा यांना."

मी गल्ल्यावर होते, म्हणजे जुन्या तिकीटखिडकीच्या आत. तिथून माणूस कमरेपासून वरचाच दिसतो, पण ओळखायला तेवढा पुरतो. मी म्हटलं, "काढा तो कोट. निळा सदरा आणि हातात हिरवा झेंडा, बास झालं. कोटात ते लग्नाच्या बँडातले दिसतात."

उकंडाजी तोंडात उरलेल्या दातांनिशी हसले. भाऊजी लगेच ओरडले, "हां! हेच! असंच हसायचं!" तेवढ्यात ते हसू विझलं.

टाकळखुंट्याच्या छोट्या लाइनीवरची गाडी बंद पडून बरीच वर्षं झाली होती. रूळ उपटून नेले, स्टेशन मात्र उरलं. त्यात आधी बकऱ्या बसल्या, मग पत्ते खेळणारे, आणि शेवटी माझे धाकटे दीर मनोहर. त्यांनी इमारत भाड्याने घेतली, वेटिंग रूममध्ये टेबलं टाकली, मालधक्क्यावर तंदूर बसवला, आणि दारावर पाटी लावली: 'प्लॅटफॉर्म'. माझे यजमान गेल्यापासून मी घरात बसून होते. मला गल्ल्यावर बसवलं. भाऊजी म्हणाले, "वहिनी, तुम्हाला माणूस पारखता येतो." खरं कारण एवढंच की माझ्या हाताखालून चिल्लरही सुटत नाही.

हॉटेल उघडलं आणि आठवडाभर सगळं गाव बाहेर उभं राहून पाहून गेलं. आत कोणी येईना. तेव्हा भाऊजींच्या डोक्यात आलं की नुसतं जेवण विकून भागायचं नाही, स्टेशनची गोष्ट विकायची. आणि गोष्ट तर शेजारच्या पडक्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहत होती.

उकंडाजी या स्टेशनचे सांधेवाले. गाडीला कोणत्या रुळावर घ्यायचं ते सांध्याचा दांडा टाकून ठरवणारा माणूस. एका बाजाराच्या दिवशी संध्याकाळची पॅसेंजर नीट रुळावर न येता बाजूच्या लाइनीत शिरली. तिथे कापसाच्या गाठींनी भरलेले डबे उभे होते. बायांचा डबा इंजिनाला लागूनच असायचा. त्यात उकंडाजींची बायको होती, माहेरून परत येणारी. चौकशी झाली, सांधेवाला दारू प्यालेला होता असं ठरलं, नोकरी गेली, काही काळ तुरुंगही झाला. पोरगा नरहरी तेव्हा आजोळीच मागे राहिला होता, म्हणून वाचला. आणि तिथेच वाढला, बापाचं नाव न घेता. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा मला ओढा कुठे, गिरणी कुठे हे दाखवावं तसं हेही दाखवण्यात आलं होतं: तो बघ, तो सांधेवाला, त्याने आपलीच बायको मारली.

अशा माणसाला भाऊजींनी विचारलं, "काका, दर शनिवारी संध्याकाळी गिऱ्हाइकांना ती गोष्ट सांगाल?"

मला वाटलं, म्हातारा हातातला लोटा फेकून मारेल. उकंडाजींनी तो खाली ठेवला आणि ते म्हणाले, "सांगतो. पन एक काम करा लागन तुमाले. नरहरीले इथं बोलवा. एक डाव. त्यानं इथं बसून आयकलं पाह्यजे."

"तुम्हीच बोलवा की. तुमचा मुलगा आहे."

"माह्या बोलावण्यानं येत असता त तुमाले कायले म्हनलं असतं?"

असा सौदा ठरला.

शनिवारी गर्दी होऊ लागली. तालुक्याहून गाड्या करून लोक यायचे. उकंडाजी आधी घंटा वाजवत, मग झेंडा दाखवत, मग टेबलांच्या मधे उभे राहून सांगत. सांगण्याची ढब त्यांना होती. गाडीची शिट्टी ऐकल्यावर बाजारातल्या कोंबड्या कशा दडायच्या, ड्रायव्हर उतरून ओळखीच्या बायांची गाठोडी कशी चढवायचा. लोक हसायचे. मग आवाज खाली उतरायचा. इंजिन वळलं. गाठी फुटल्या. सगळीकडे कापूस, आणि कापसावर… इथे ते थांबायचे. "अन् सांधा चुकला होता," एवढं म्हणून झेंडा गुंडाळायचे. हॉलमध्ये चमचा वाजायचा नाही. मग भाऊजी हळूच इशारा करायचे आणि वाढपी पोरं गरम जिलेबी फिरवायची. त्या वेळी जिलेबी इतकी उठायची की आचारी शनिवारी पीठ दुप्पट भिजवायचा. माणसाला दुसऱ्याचं दुःख ऐकलं की गोड लागतं, हे मला गल्ल्यावर बसून कळलं.

एक गोष्ट मात्र माझ्या हिशेबात बसत नव्हती. माझे सासरे बळीरामजी, मी त्यांना मामाजी म्हणते. गाडी होती तेव्हा याच फलाटावर त्यांची चहाची टपरी होती; आमचं घर उभं राहिलं ते त्या टपरीवर. मामाजी म्हणजे पाव्हण्याला दुसरा चहा विचारायच्या आधी त्याच्या कपात पहिला किती उरलाय ते बघणारे. पण उकंडाजींच्या चहाचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. टपरी गेली, हातपाय थकले, तरी रोज सकाळी काठी टेकत स्वतः लोटा घेऊन क्वार्टरपाशी जायचे. दोघं ओट्यावर बसायचे. बोलायचे काहीच नाहीत. चहा संपला की मामाजी लोटा घेऊन परत.

शनिवारच्या खेळाचं कळलं तेव्हा मामाजी भाऊजींवर खेकसले होते, "दुसरं काई नाई भेटलं दाखवायले? माकड आनून नाचव."

"बाबा, माकडाचं भाडं जास्त आहे," भाऊजी म्हणाले.

आणि तरीही मामाजी दर शनिवारी यायचे. माझ्या खिडकीजवळच्या जुन्या बाकड्यावर काठीवर हनुवटी ठेवून बसायचे. गिऱ्हाइकांना वाटायचं, हा म्हाताराही हॉटेलवाल्याने शोभेला बसवलाय.

एकदा खेळ आटोपल्यावर उकंडाजी हात धुवायला आले तेव्हा मी सरळ विचारलं. मला आडून विचारणं जमत नाही. "उकंडाजी, त्या दिवशी तुम्ही खरंच प्यालेले होते?"

"म्या जल्मात थेंब नाई घेतला, सुनबाई."

"मग?"

"सांधा म्या बराबर लावला होता."

"मग चुकला कसा?"

त्यांनी हात पुसले. "माह्या तोंडून त्याले किंमत नाई. नरहरी मोठा झाल्यावर गेलतो त्याच्याकडे. सगळं सांगतलं. तो म्हणे, तुम्ही नाई केलं त मग ज्यानं केलं त्याले उभं करा माह्यापुढं. मी परत आलो."

"कोणी केलं?"

"जिलेबी राह्यली का एखादी?" उकंडाजी म्हणाले.

बाकड्यावर मामाजी काठीने फरशीवरची मुंगी ढकलत होते. मी त्या दोघांकडे पाहिलं, आणि मला रोज सकाळचा तो चहाचा लोटा आठवला. पण घरातल्या माणसाबद्दल असलं काही मनात आलं की बाई आधी ते झाकते. मीही झाकलं.

नरहरीला फोन मीच केला. बाईच्या आवाजाला माणूस पटकन नाही म्हणत नाही. तो तालुक्याच्या कॉलेजात शिकवत होता. मी म्हटलं, "तुमचे वडील थकले आता. एकदा येऊन जा. बोलू नका हवं तर. जेवा आणि जा."

तो म्हणाला, "ते तिथे तमाशा करतात म्हणून ऐकलं."

"तमाशा नाही. गोष्ट सांगतात."

"माझ्या आईच्या मरणाची."

फोन दोन्हीकडून हळूच खाली ठेवला गेला. उकंडाजींना मी सांगितलं की तो बघतो म्हणाला. ते त्या दिवसापासून दाढी करून येऊ लागले.

आणि एका शनिवारी तो आला. बायको आणि लहान मुलगी बरोबर. मी ओळखलं, कारण कपाळ हुबेहूब उकंडाजींचं. तो भिंतीकडेच्या टेबलाशी, भिंतीला पाठ लावून बसला, जणू मागून कोणी येईल. मुलीने मेन्यूवरचं इंजिनाचं चित्र बोटाने गिरवायला सुरुवात केली. बायकोला काही माहीत असावं असं वाटलं नाही. ती आरामात पापड मोडत होती.

उकंडाजींनी त्याला पाहिलं तेव्हा ते घंटेपाशी होते. घंटेचा टोला जरा वाकडा पडला. मग त्यांनी मामाजींकडे पाहिलं. मामाजींनीही नरहरीला पाहिलं होतं. त्यांनी काठीवरची हनुवटी उचलली. मी खिडकीतून हळूच म्हटलं, "मामाजी, घरी जायचं का? रिक्षा बोलावू?"

"बस गुपचाप," ते म्हणाले.

उकंडाजींनी गोष्ट सुरू केली. कोंबड्या आल्या, गाठोडी आली. लोक हसले. नरहरीने भाकरीचा घास तोंडात धरून ठेवला होता, चावत नव्हता. गाठी फुटल्या. कापूस आला.

"अन् सांधा चुकला होता."

झेंडा गुंडाळायची ही जागा होती. त्यांनी तो गुंडाळला नाही. हॉलच्या मधोमध उभे राहून ते म्हणाले, "पुढचं तू सांग, बळीराम."

माझे सासरे उभे राहिले. कोणाच्या आधाराशिवाय ते उठलेले मी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते. काठी बाकड्यालाच राहिली. ते दोन टेबलांच्या मधे आले आणि सरळ नरहरीकडे बघून बोलू लागले.

"सांध्याच्या कुलपाची किल्ली मास्तरच्या खोलीत पाह्यजे होती. ती माह्या टपरीत खिळ्याले राहे. साऱ्या गावाले ठाऊक होतं. उकंडा जेवायले गेला, वावरात गेला, त मी दांडा टाको. त्याच्यात काई वाईट नोतं वाटत. दोनच गाड्या होत्या. त्या दिवशी दुपारी मालगाडीनं डबे बाजूच्या लाइनीत लावले. अशा दिवशी उकंडा सांधा तसाच ठेवून घरी जाये अन् पॅसेंजर यायच्या आधी मी जाऊन तो सरळ करो. ही आमची रीत. पन त्या दिवशी त्याची बायको येनार होती. त्याले घाई होती. त्यानं जाता जाताच सांधा सरळ करून टाकला, किल्ली खिळ्याले लटकवली, अन् मले सांगायचा इसरला. मी रीतीपरमाणं गेलो. अंधारून आलं होतं. दांडा टाकला. हाताले उलटा लागला तो. मले समजलं, उलटा आहे. पन टपरीवर गिऱ्हाईक ओरडून राह्यलं होतं, चहा उतू चालला होता. मी म्हनलं, लागला असन उलटा. अन् परतलो."

आचारीसुद्धा दारात येऊन उभा होता.

"ह्याची बायको कापसावर निजवली होती तवा मी ह्याचे पाय धरले. म्हनलं, माही पोरं लहान आहेत. त्या टायमाले तो कशालेबी हाव म्हनला असता. तो हाव म्हनला. दारूचं मास्तरनं लिवलं, किल्लीचं निघालं असतं त मास्तरबी गेला असता. मी आयकलं अन् गप बसलो. तुह्या बापानं नाई मारली तुही माय. म्या मारली. दोघांनीबी आपापलं काम बराबर केलं होतं, अन् माह्या हाताले समजलं होतं, तरी…"

ते थांबले. खिडकीच्या काठाला मी दोन्ही हातांनी धरून होते. उकंडाजी सांध्यावर गाडीची वाट बघत उभे राहावेत तसे पोराकडे बघत उभे होते.

आणि मग कोपऱ्यातल्या टेबलावरून कोणीतरी टाळी वाजवली.

एक, मग दुसरी, मग सगळा हॉल. कोणी शिट्टी घातली. एक जाडजूड गृहस्थ उठून उभे राहिले, "वा बाबा, वा! काय काम केलं! काटा आला अंगावर!" पलीकडून आवाज आला, "वन्स मोअर!"

"नाटक नाई हे," मामाजी म्हणाले. "अरे, नाटक नाई हे बाप्पा!"

त्यावर तर टाळ्या दुपटीने झाल्या.

मी भाऊजींकडे पाहिलं. ते जिलेबीच्या टेबलापाशी होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. बाप खरं बोलला ते त्यांना कळलं होतं, आणि उद्या गाव काय म्हणेल तेही. क्षणभरच. मग त्यांनी माइक हातात घेतला. "होऊन जाऊ द्या मंडळी, जोरदार टाळ्या! आमचे दोन ज्येष्ठ कलाकार! आणि आता सगळ्यांसाठी गरमागरम…"

मी मामाजींना खांद्याला धरून बाकड्यावर आणलं. ते अजून म्हणत होते, "सुनबाई, त्यायले सांग." कोणाला सांगू? हॉलभर तबकं फिरत होती.

नरहरी बिल द्यायला आला. बायको मागे होती. मुलगी मात्र दर शनिवारी सगळी पोरं जायची तशी उकंडाजींकडे पळाली होती आणि त्यांच्या हातातला झेंडा धरून फोटोसाठी उभी होती. "अगं इकडे बघ," तिची आई म्हणाली आणि कॅमेरा डोळ्याला लावला. उकंडाजींनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला नाही. तो तिच्या केसांच्या वर अधांतरी राहिला. फोटोत ते छान हसले असतील, कारण भाऊजींनी त्यांना तसंच शिकवलं होतं.

नरहरीने पाकीट काढलं. "दुसरा म्हातारा चांगला धरला तुम्ही. कितीला आणला?"

"ते माझे सासरे आहेत," मी म्हटलं. "त्यांना कोणी आणलं नाही. आज पहिल्यांदा बोलले. खरं बोलले."

"असंच सांगायला सांगितलं असेल तुम्हाला."

"नरहरीभाऊ, मी या घरची सून आहे. असलं खोटं आपल्याच घरावर कोणती सून ओढवून घेईल?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, पोहोचलं. मग तो हसला, आणि ते हसू मी अजून विसरलेले नाही, कारण त्यात राग नव्हता. "ताई, हीच गोष्ट बाबांनी मला कधीच सांगितली होती. तेव्हा त्यांच्याकडे माणूस नव्हता. आता मिळाला. त्यात पुन्हा जिलेबी." त्याने सुटे पैसे मोजून ठेवले. "मला खरं वाटलं असतं हो. पण इतक्या चांगल्या जागी थांबून त्याला हाक मारली ना, तिथे मला कळलं. हे बसवलेलं आहे."

"बसवलेलं नाही."

"छान बसवलंय," तो म्हणाला, आणि मुलीला हाक मारली.

उकंडाजी फलाटाच्या टोकापर्यंत त्यांच्यामागे गेले नाहीत. घंटेखालीच उभे होते. नरहरीची मोटार सडकेला लागल्यावर त्यांनी झेंडा गुंडाळला, खाकी पट्ट्याने नीट बांधला आणि माझ्या खिडकीत आणून ठेवला.

"काय म्हणाला?" त्यांनी विचारलं.

खोटं मला सुचत होतं. सांगितलं नाही. "त्याला वाटलं, नाटक आहे."

त्यांनी मान हलवली, बाजारात भाव ऐकून हलवावी तशी. "हाव. वाटनच ना. म्या पहिलेच इथं नाई उभं राह्याले पाह्यजे होतं."

त्यानंतर ते हॉटेलात आले नाहीत. पुढच्या पावसाळ्याआधी क्वार्टरमध्येच वारले. नरहरी आला, सगळं नीट केलं, आमच्या घरी पाणीही प्याला नाही. मामाजी ओट्यावर बसून होते. ते उठून त्याच्याकडे गेले आणि पुन्हा सगळं सांगू लागले, किल्लीपासून. त्याने त्यांना हात जोडले. "आजोबा, आता नको. इथे गिऱ्हाईक नाही."

मामाजींनी मग सांगणं सोडलं नाही. तेच त्यांच्या वाट्याला आलं. दर शनिवारी ते बाकड्यावरून उठायचे, तेच बोलायचे, त्याच जागी थांबायचे. भाऊजींनी सुरुवातीला अडवलं; पण मंडळी विचारू लागली, तो दुसरा म्हातारा कुठे, म्हणून थांबवायचं सोडून दिलं. काही काळाने एक उंच स्टूल करवून घेतलं, मागच्या टेबलांना दिसावं म्हणून. दर शनिवारी शेवटी ते म्हणायचे, नाटक नाई हे, आणि दर शनिवारी टाळ्या पडायच्या. बोलता बोलता त्यांची नजर भिंतीकडेच्या टेबलाकडे जायची. तिथे कोणीतरी जेवत असायचं.

एकदा असाच एक पाहुणा बिल देताना खिडकीत वाकून मला म्हणाला, "बाई, नाटक भारी आहे तुमचं. पण खऱ्या अपघातात काय झालं होतं हो? कुणाला ठाऊक आहे का?"

"हेच," मी म्हटलं.

तो मोठ्याने हसला, बशीतून बडीशेप उचलली आणि गेला.